फिटनेस बँड घ्यावा का? सुनेला हो, सासऱ्यांना नको

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४६, घरचं सगळं आणि शिवाय घरूनच शिवणकाम. एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ६.१ आल्यामुळे डॉक्टरांनी ‘शुगर काठावर आहे, चालायला लागा’ असं सांगितलंय. मिस्टर वाढदिवसाला फिटनेस बँड आणायचा म्हणतायत; एक तुम्हाला आणि एक ७१ वर्षांच्या सासऱ्यांना. सासऱ्यांना बीपी आहे, मेटोप्रोलॉलची गोळी चालू आहे. मोठ्या जाऊबाईंचं मत असं की आपल्या आयांनी कधी पावलं मोजली नाहीत आणि त्यांचं काही बिघडलं नाही. तर बँड कामाचा की नुसती हौस?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. बायपास किंवा अँजिओप्लास्टी झालेल्यांना पुन्हा चालतं-फिरतं करणं हे माझं रोजचं काम, आणि सोमवारी रांग लागते ती रविवारी टेकडीवर पळून गुडघा धरून आलेल्यांची. दोन्हीकडच्या मनगटांवर हल्ली घड्याळ असतंच, त्यामुळे या यंत्रांचे गुण-दोष रोज समोर येतात.

आधी जाऊबाईंचं. आयांनी पावलं मोजली नाहीत हे खरंच. पण त्यांनी पाणी भरलं, दळण डोक्यावरून आणलं, धुणं आपटलं आणि बाजारही पायीच केला. ते सगळं मिक्सर, वॉशिंग मशीन, लिफ्ट आणि घरपोच किराण्याने आपल्या अंगावरून काढून घेतलं. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ साली आलेल्या अंदाजानुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत, आणि स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५७ टक्क्यांच्या आसपास आहे. पुरेशी म्हणजे किती, तर आठवड्याला १५० मिनिटं जरा दम लागेल असं चालणं. तरीही घरात राबणारी कुठलीही बाई ‘दिवसभर पायाला भिंगरी असते हो’ असंच सांगते, आणि ते खोटं नसतं. पाय दुखतात, कारण उभं राहणं होतं. चालणं किती होतं, ते मात्र कुणालाच माहीत नसतं. बँडचा खरा उपयोग इथे आहे.

पण तो घेण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. या यंत्रात मोजले जाणारे आकडे फार थोडे आहेत, बाकीचे सगळे त्यावरून बांधलेले अंदाज आहेत. मोजली जाते हाताची हालचाल. त्यासाठी आत एक बारीक सेन्सर असतो आणि हाताच्या लयबद्ध झोक्यावरून तो पावलं धरतो. दुसरी मोजली जाते नाडी. पट्ट्याखाली जो हिरवा उजेड लुकलुकतो, तो रक्त शोषून घेतं. ठोका पडला की मनगटात रक्त जरा जास्त येतं, परत येणारा उजेड जरा कमी होतो, आणि त्या कमी-जास्तीवरून ठोके मोजले जातात. कॅलरी, झोपेचे टप्पे, ताणाचा आकडा, ‘शरीराचं वय’ हे सगळं या दोन गोष्टींत तुमचं वय-वजन मिसळून काढलेलं गणित आहे. काही घड्याळांत आणखी सेन्सर असतात, पण गाभा हाच. यंत्र मोजतं तिथे त्याचं ऐका. अंदाज बांधतं तिथे शेजारणीच्या सल्ल्याइतकीच किंमत द्या.

मोजण्यातही गमती आहेत. आमच्याकडे येणाऱ्या एका काकूंनी गावच्या जत्रेच्या दिवशीचा आकडा मोठ्या कौतुकाने दाखवला होता, अकरा हजारांच्या वर. चौकशी केली तर दिवसभर चुलीपुढे बसून भाकऱ्या थापल्या होत्या. बँडला थापणारा हात आणि चालणारा हात यांत दरवेळी फरक करता येत नाही. उलट स्वयंपाकघरात ओट्यापासून फ्रीजपर्यंतची चार पावलं तो बहुधा सोडून देतो, कारण सलग काही पावलं पडल्याशिवाय बरीच यंत्रं मोजायला सुरुवातच करत नाहीत. भाजीची पिशवी धरलेला हात, बाबागाडी ढकलणारा हात, वॉकर धरलेला हात झोके घेत नाही, म्हणून तिथेही पावलं गळतात. वारीत टाळकऱ्याची पावलं जास्त आणि डोक्यावर तुळस धरलेल्या माउलीची कमी भरली, तर नवल नाही. तुमच्या शिवणाच्या मशीनला पायडल असेल, तर पाय दुखेस्तोवर मारलात तरी मनगटाला त्याचा पत्ता लागणार नाही. कापड सरकवणारा हात मात्र मध्येच चार पावलं फुकटात देऊन जाईल.

मग असला आकडा काय कामाचा? कामाचा आहे, कारण चूक रोज साधारण तीच असते. तुमचा गेल्या आठवड्याचा आकडा आणि या आठवड्याचा आकडा यांची तुलना चालते. तुमची आणि वहिनींची तुलना चालत नाही, ब्रँड वेगळे असतील तर मुळीच नाही.

दहा हजारांचं भूतही इथेच उतरवू. हा आकडा कुठल्या वैद्यकीय अभ्यासातून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकच्या पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, यामासा नावाच्या जपानी कंपनीने कमरेला लावायचा पावलांचा मीटर बाजारात आणला आणि त्याच्या नावातच दहा हजार घातले. जाहिरातीला असा गोल आकडा बरा दिसतो. अभ्यास झाले ते फार नंतर. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे १७ हजार वयस्कर स्त्रियांचा, सरासरी वय ७२, अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज २,७०० पावलांच्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये त्या काळातले मृत्यू ४१ टक्क्यांनी कमी होते, आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा वाढत गेला नाही. जी मुळात धडधाकट ती जास्त चालते, हेही त्यात मिसळलेलं असणारच. संशोधकांनी ते वेगळं काढायचा प्रयत्न केला तरी पूर्ण निघत नाही. पुढे २०२२ मध्ये १५ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा साठीच्या पुढे सहा ते आठ हजार आणि साठीच्या आत आठ ते दहा हजारांपाशी फायद्याची चढण सपाट होताना दिसली. म्हणजे तुमचा आकडा तीन हजार असेल तर तो पाच हजारांवर नेणं हीच मोठी कमाई आहे. दहा हजार झाले नाहीत म्हणून रात्री साडेदहाला हॉलमध्ये येरझाऱ्या घालणारी माणसं मी बघतो. शुगर काठावर असेल तर त्याच येरझाऱ्या जेवणानंतर लगेच, पंधरा मिनिटं, घाला. जेवणानंतर चढणारी साखर त्याने खरोखर खाली राहते. बँड पावलं मोजतो, ती केव्हा टाकली याचं गुणांकन करत नाही. तुमच्यासाठी ‘केव्हा’ हाच भाग महत्त्वाचा आहे.

तर तुम्ही करायचं असं. पहिला आठवडा बँड फक्त घालून ठेवा आणि वागणं अजिबात बदलू नका. सात दिवसांची सरासरी काढा. समजा ३,४०० आली. पुढचे दोन आठवडे ४,२००-४,४००, ते अंगवळणी पडलं की आणखी आठशे-हजार. २००७ साली पावलांच्या मीटरवरच्या बऱ्याच अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा मीटर लावणाऱ्यांची चाल दिवसाला सुमारे अडीच हजार पावलांनी वाढलेली आढळली. पण वाढ झाली ती ज्यांच्यापुढे ठरवलेला आकडा होता त्यांची. नुसता मीटर कमरेला अडकवून काही झालं नाही. चालण्याचा जोरही बघा. मिनिटाला शंभरेक पावलं पडली की ते व्यायामात जमा होतं. मोजायचा कंटाळा असेल तर सोबतीणीशी बोलता आलं पाहिजे आणि गाणं म्हणता येऊ नये, एवढी खूण पुरे.

‘फोनमध्येच पावलं मोजतात की, मग बँड कशाला?’ असं मिस्टर म्हणू शकतात. पुरुषांच्या बाबतीत ते बरोबर आहे. पँटच्या खिशातला फोन बऱ्यापैकी मोजतो आणि मी अनेकांना बँडचे पैसे वाचवायला सांगतो. पण साडीला खिसा नाही, बहुतेक पंजाबी ड्रेसलाही नाही. बायकांचा फोन ओट्यावर नाहीतर चार्जिंगला असतो. त्यामुळे घरात वावरणाऱ्या बाईला मनगटावरचं यंत्र नवऱ्यापेक्षा जास्त उपयोगाचं. ही साधी गोष्ट जाहिरातीत कुणी सांगत नाही, तिथे नेहमी पळणारा पोरगाच असतो.

घालायचा कसा, तेही सांगतो. बांगड्या असलेल्या हातात नको. बांगड्या पट्ट्याला खाली हाडावर ढकलतात, उजेड हाडावर पडतो आणि नाडीचा आकडा वेडावाकडा येतो. सौभाग्याच्या म्हणून दोन्ही हातांत हव्याच असतील तर चालायला निघताना एका हातातल्या वर सरकवा. मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, फार सैल नको, वळ उठेल इतका घट्टही नको. गोंदण असेल त्या जागेवर बांधू नका. गडद शाई उजेड खाऊन टाकते. सूर्यनमस्कार घालत असाल तर तेवढा वेळ काढून ठेवा. हात टेकवून मनगट मुडपलं की पट्टा उचलला जातो, नाडी हुकते आणि बारा नमस्कारांचा घाम त्याच्या हिशेबात येतच नाही. ताकदीचे व्यायाम या यंत्रांना एकूणच नीट दिसत नाहीत. बैठका, दंड, पाण्याच्या बाटल्या घेऊन केलेले हातांचे व्यायाम. मनगटाला ते उभं राहणंच वाटतं. शुगरसाठी मांडीचे स्नायू फार मोलाचे, कारण साखर मोठ्या प्रमाणात तिथेच वापरली जाते. आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा करा. बँडवर ते दिसणार नाही. दिसत नाही म्हणून ते सोडून देणारे फार आहेत.

आता अंदाजांकडे. पहिला आणि सगळ्यात गोड बोलणारा म्हणजे कॅलरीचा आकडा. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये सात यंत्रं ६० जणांच्या हातावर बांधून तपासली. नाडी सातपैकी सहांनी ठीक मोजली. कॅलरीत मात्र सगळ्यात अचूक यंत्रही सरासरी २७ टक्के चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के. पाऊण तास झपझप चाललं की तुमच्यासारख्या ६०-६५ किलोच्या बाईच्या अंदाजे दोनशेच्या आत कॅलरी जातात, त्यातल्या पन्नासेक तर नुसतं बसून राहिलं तरी गेल्या असत्या. घड्याळाने साडेतीनशे दाखवल्या की वाटेत वडापाव खायला मन मोकळं होतं, आणि एक वडापाव तीनशेच्या घरात जातो. बहुतेकांचं वजन चालूनही का हलत नाही, त्याचं उत्तर टेकडीच्या पायथ्याशी त्या गाडीवर मिळतं.

वजनाबाबत एक अभ्यास मी पेशंटना आवर्जून सांगतो. पिट्सबर्ग विद्यापीठात ४७१ तरुण, जास्त वजनाच्या स्त्री-पुरुषांना दोन वर्षं आहार-व्यायामाचं मार्गदर्शन दिलं. त्यातल्या निम्म्यांना सहा महिन्यांनी दंडावर बांधायचं यंत्र दिलं, निम्म्यांनी आपलं आपण नोंदवायचं. २०१६ मध्ये निकाल आला: यंत्रवाल्यांचं वजन साडेतीन किलोने उतरलं, आपलं आपण नोंदवणाऱ्यांचं ५.९ किलोने. असं का झालं याचं पक्कं उत्तर त्या अभ्यासात नाही. माझा समज असा की आकडा बघितला की माणसाला बक्षीस घ्यावंसं वाटतं. तरी एकाच अभ्यासावर यंत्राला मोडीत काढायला नको. २०२२ मध्ये अशा अनेक आढाव्यांचा एकत्र आढावा झाला, त्यात यंत्र वापरणारे दिवसाला सुमारे १,८०० पावलं जास्त चालले आणि वजन सुमारे किलोभर उतरलं. किलोभर. एवढ्याच अपेक्षेने घ्या.

बक्षिसांवरून आठवलं. हल्ली काही आरोग्यविमा योजना पावलांवर सवलत देतात, आणि लगेच पोराच्या हातात किंवा कुत्र्याच्या गळ्यात बँड बांधणारे हुशार लोकही निघालेत. सिंगापूरमध्ये ८०० नोकरदारांवर असाच प्रयोग झाला. सहा महिने पैसे मिळाले तोवर पावलं वाढली, पैसे थांबले तशी ती ओसरली, आणि वर्षाअखेरी ना वजनात फरक ना रक्तदाबात. लालूच दाखवून चाललेला माणूस लालूच संपली की बसतो.

झोपेचा आकडा तर बंदच करून टाका. प्रयोगशाळेत झोप मोजतात ती डोक्याला तारा लावून, मेंदूच्या लहरींवरून. बँड बघतो हालचाल आणि नाडी. तुम्ही काळजीने टक्क जागे असाल पण हललात नाही, तर तो तुम्हाला झोपवून मोकळा होतो. ‘गाढ झोप ४२ मिनिटं’ वाचून घाबरलेले, आणि त्या भीतीने खरोखर झोप उडालेले लोक येतात. २०१७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा रुग्णांचं वर्णन करून या प्रकाराला ‘ऑर्थोसोम्निया’ असं नावही दिलंय. सकाळी उठल्यावर ताजं वाटलं की झोप झाली.

मनगटावरून शुगर सांगणारं घड्याळ कुणी विकत असेल तर दुकानातून सरळ बाहेर या. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, जाहीर इशारा दिला की त्वचेला न टोचता रक्तातली साखर मोजणाऱ्या कुठल्याही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. दंडावर चिकटवायचे सेन्सर असतात ते वेगळे. त्यांची बारीक तार त्वचेखाली जाते. स्वस्त घड्याळांतल्या बीपी आणि ऑक्सिजनवरही औषधाचा निर्णय घेऊ नका. हौस म्हणून एकदा बँड केळ्याला बांधून बघा. कित्येक बँड केळ्याचीही नाडी सांगतात.

नाडीची एक बाजू मात्र मानावी लागेल. अनियमित ठोके, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, ओळखण्यात चांगली घड्याळं कामाला येतात. अ‍ॅपलच्या घड्याळावरच्या मोठ्या अभ्यासात चार लाखांहून जास्त लोक होते. त्यातल्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास लोकांना सूचना आली, आणि पुढे छातीवर ईसीजी नोंदवणारी पट्टी लावून तपासलेल्यांपैकी ३४ टक्क्यांत तो दोष सापडला. म्हणजे सूचना आली तर ईसीजी काढून घ्या, घाबरून घर डोक्यावर घेऊ नका. पण हेही ध्यानात ठेवा, घड्याळातला ईसीजी हार्ट अटॅक ओळखण्यासाठी नसतो. छातीत दाब, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ, दरदरून घाम असेल तर घड्याळ ‘सगळं ठीक’ म्हणत असलं तरी दवाखाना गाठायचा.

यावरून सासऱ्यांकडे येतो. मेटोप्रोलॉलचं कामच ठोके कमी ठेवणं. घड्याळाला गोळीची खबर नाही. बहुतेक यंत्रं २२० वजा वय हे जुनं सूत्र लावतात, म्हणजे त्यांचे जास्तीत जास्त ठोके १४९ धरले जातील, आणि ‘चांगला व्यायाम’ होण्यासाठी १०४ वगैरे गाठा असं सांगितलं जाईल. गोळी घेणारा माणूस चढावर धापा टाकायला लागला तरी ९५ वरच असू शकतो. घड्याळ म्हणणार, जोर कमी पडतोय. भिडस्त आणि जिद्दी वडीलधारी माणसं ते मनावर घेतात. उलट रात्री ठोके ५० च्या खाली गेले की तेच घड्याळ धोक्याची सूचना देऊन सगळं घर जागं करतं, आणि तो बहुधा गोळीचाच परिणाम असतो. (चक्कर, अंधारी येत असेल तर मात्र डॉक्टरांना लगेच सांगा, तेव्हा आकडा बघत बसू नका.) त्यांच्यासाठी बोलण्याची खूणच बरी: कट्ट्यावरच्या मित्राशी पूर्ण वाक्य बोलता येतंय तोवर चाल बरोबर. पुढेमागे कधी पेसमेकर बसलाच, तर चुंबकवाला पट्टा आणि चार्जर छातीपासून वीतभर लांब ठेवायचा, आणि शरीरातली चरबी मोजणारी सोय वापरायची नाही. ती अंगातून बारीक वीज सोडते. ते एकटे राहत असते तर पडल्यावर आपोआप फोन लावणारं घड्याळ मी सुचवलं असतं. तुम्ही घरात आहात, त्यामुळे तो खर्चही नको.

तुमच्यासाठी दीड-दोन हजारांचा साधा बँड पुरतो. पावलं, नाडी, आणि आठवडाभर चालणारी बॅटरी, बस. अ‍ॅपमध्ये नातेवाइकांचा ग्रुप करू नका आणि ताण, झोप, कॅलरीच्या सूचना पहिल्याच दिवशी बंद करा. तीनेक महिन्यांत चाल अंगवळणी पडली की बँड ड्रॉवरमध्ये गेला तरी हरकत नाही. महिन्यातून एखादा आठवडा काढून घाला आणि सरासरी घसरली का ते बघा. एचबीए१सी मात्र तीन महिन्यांनी करायचंच. बँडने सांगितलेल्या कुठल्याही आकड्यापेक्षा तो आकडा खरा.

आणि मिस्टरांना सांगा, दुसऱ्या बँडचे पैसे सासऱ्यांसाठी दंडावर बांधायच्या बीपी मशीनला घाला. पट्टा त्यांच्या दंडाच्या मापाचा घ्या, लहान पट्ट्याने बीपी जास्त दाखवतं. पाच मिनिटं टेकून बसल्यावर, सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, दोन-दोनदा मोजून वहीत लिहा. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर न्या.